कुले द सेराँची बाटली आणि दिंडोरीतली दोन एकर शेनिन

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यात दोन एकर शेनिन ब्लांक हे वाइनचं पांढरं द्राक्ष लावलेल्या एका बागायतदाराला मेहुण्याने फ्रान्सहून कुले द सेराँ या शेनिनच्याच पांढऱ्या वाइनची बाटली आणून दिली. फ्रिजमधून काढून लगेच उघडली, तर रंग गडद पिवळा, वास कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा आणि चव जड. उरलेली अर्धी बाटली दोन दिवसांनी प्याले, तेव्हा ती वेगळीच, खुललेली लागली. ते विचारतात: बाटली खराब होती का? ही चव सेंद्रिय शेतीमुळे येते का? आणि माझी बाग सेंद्रिय करून अशी एकाच मळ्याची वाइन इथे काढता येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःच दिलं आहे. हवा लागून बिघडलेली वाइन दोन दिवसांनी आणखी पडते, सुधारत नाही. तुमची खुलली, म्हणजे ती ठीक होती. ही वाइन करणारे निकोला जोली स्वतःच सांगतात की ती आदल्या दिवशी उघडून ठेवावी आणि फार थंड करू नये. चौदा अंशांच्या आसपास बरं. फ्रिजमधल्या चार-पाच अंशांना तिचा वास मिटलेला राहतो आणि फक्त अल्कोहोल आणि कडसरपणा पुढे येतो. रंगही मुळातच गडद असतो, कारण द्राक्ष खूप पिकल्यावर, काही मण्यांवर बोट्रायटिस बुरशी धरू लागल्यावर तोडलेलं असतं. हे सगळ्यांना आवडतं असं मुळीच नाही. जाणकारांतही दोन तट आहेत. एकाला ती फ्रान्समधल्या सर्वोत्तम पांढऱ्या वाइनपैकी वाटते, तर दुसऱ्याला अतिपक्व आणि प्रत्येक बाटलीत वेगळी. मी पहिल्या बाजूचा आहे, पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं खोटं नाही.

आता तो मळा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आँझे शहराच्या नैर्ऋत्येला, लुआर नदीच्या उत्तर काठावर साव्हेनिएर नावाचं गाव आहे. तिथे नदीकडे उतरणाऱ्या तीव्र उतारावर साधारण सात हेक्टरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने सतरा-साडेसतरा एकरांचा हा मळा आहे. सिस्टर्शियन पंथाच्या भिक्षूंनी इथे ११३० साली वेली लावल्या आणि तेव्हापासून ही जमीन द्राक्षाखालीच आहे. संपूर्ण मळा एकाच घराण्याकडे आहे आणि त्याच्या नावाची स्वतंत्र अपेलासियाँ आहे, म्हणजे ते नाव कायद्याने फक्त या सात हेक्टरांचं. जमीन शिस्टची. पातळ पापुद्र्यांचा हा खडक हाताने फोडला तर चपट्या कपच्या निघतात. वर माती थोडी, पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी, आणि मुळांना खडकाच्या फटींतून खाली जावं लागतं. उतारामुळे पावसाचं पाणी थांबत नाही, आणि एप्रिलमधली थंड हवाही खाली निघून जाते. ही दुसरी गोष्ट तिथे फार मोलाची आहे. शेनिनचे डोळे लवकर फुटतात, आणि लुआर खोऱ्यात १९९१, २०१६, २०१७, २०२१ अशी हिमदंवाने कोवळे फुटवे जाळणारी वर्षं आली आहेत.

विसाव्या शतकातले नामवंत फ्रेंच खाद्यलेखक क्युर्नोन्स्की यांनी फ्रान्सच्या पाच थोर पांढऱ्या वाइन निवडल्या, त्यांत माँराशे, शातो दिकेम, शातो-ग्रिये आणि शातो-शालाँ यांच्या शेजारी कुले द सेराँ होती. ते स्वतः आँझेचे, तेव्हा थोडं माहेरचं प्रेम असेलही. पण ती निवड सेंद्रिय शेतीचा गाजावाजा होण्याच्या कितीतरी आधीची आहे, हे लक्षात ठेवा. मळा आधी थोर होता. सेंद्रिय पद्धत नंतर आली.

ती कशी आली, हे जोलींनी अनेकदा सांगितलं आहे. ते मूळचे बँकेतले. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये नोकरी करून सत्तरच्या दशकात घरच्या बागेत परतले. आईची पद्धत जुनी होती. कृषी सल्लागाराने तणनाशक सुचवलं, मजुरीचा मोठा खर्च वाचेल म्हणून त्यांनी मारलं, आणि दोनेक वर्षांत मातीचा रंग बदलला, लेडीबर्ड किडे आणि तितर दिसेनासे झाले. मग ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ सालच्या शेतीविषयक व्याख्यानांवर आधारलेली बायोडायनॅमिक पद्धत, म्हणजे सेंद्रिय शेतीचाच एक पंथ, त्यांनी धरली आणि १९८४ पासून सगळी बाग तीवर नेली. उताराच्या भागात घोड्याने नांगरतात, गाई-मेंढ्या पाळतात, खत घरचंच. आता कन्या व्हर्जिनी काम पाहतात.

बायोडायनॅमिकबद्दल मला स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्याकडे त्याचं आकर्षण वाढतं आहे. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, मग हेक्टरी सुमारे शंभर ग्रॅम तीस-पस्तीस लिटर पाण्यात तासभर उलटसुलट ढवळून फवारायचं. दुसऱ्या तयारीत शिंगात गारगोटीची पूड. जर्मनीत गाइझनहाइम इथे रिस्लिंगवर २००६ पासून मोठा तुलनात्मक प्रयोग चालू आहे. त्यात सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक या दोन्ही वाफ्यांची वाढ आणि उत्पन्न रासायनिक औषधांच्या वाफ्यांपेक्षा कमी आलं, पण त्या दोघांत फारसा फरक दिसला नाही. माझं मत असं की शिंगातल्या खताने वाइन बदलते हे दाखवता येत नाही. पण ते ढवळण्यासाठी, फवारण्यासाठी जो माणूस पुन्हा पुन्हा प्रत्येक ओळीतून चालतो, त्याची बाग इतरांपेक्षा चांगली असते. जोलींच्या मळ्याचं श्रेय मी जमीन, कमी उत्पन्न आणि तोडणी या तिघांना देतो. सेंद्रिय पद्धतीने या तिघांवरचा पडदा काढला.

तुमच्या निर्णयाच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. मोठी वायनरी चाळीस बागांचा माल घेते. एका बागेत आम्लता कमी पडली तर दुसरीचा रस मिसळते, एका टाकीत भुरी या बुरशीचा वास आला तर ती टाकी स्वस्तातल्या वाइनकडे वळवते. एकाच मळ्याची वाइन करणाऱ्याकडे हा मार्ग नसतो, त्या वर्षी त्या उतारावर जे पिकलं तेच बाटलीत जातं. सेंद्रिय बागेतही हेच होतं. रासायनिक बागेत डावणी हा पानांवरचा बुरशीसारखा रोग दिसल्यावर पानात भिनणारं आंतरप्रवाही औषध मारून तो थोपवता येतो. सेंद्रियात रोग पानात शिरल्यावर हातात काही उरत नाही. दोन्ही पद्धती मागाहून दुरुस्ती करण्याची सोय काढून घेतात. म्हणून त्या एकत्र शोभतात, आणि म्हणूनच दोन्ही एकदम अंगावर घेणं जड जातं.

डावणीचंच उदाहरण घेऊ, कारण सेंद्रिय द्राक्षबाग बहुतेक वेळा तिच्यामुळेच बुडते. हा रोग अमेरिकेतून १८७८ च्या सुमारास फ्रान्समध्ये आला. बोर्दोमध्ये मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाचा उपाय १८८५ मध्ये जाहीर केला, तेच आपलं बोर्डो. त्यातलं तांबं पानाच्या पृष्ठभागावर राहतं, आत जात नाही. पाऊस पडण्याआधी ते पानावर असेल तर बीजाणू उगवत नाही. पाऊस पडून गेल्यावर मारलं तर फक्त पान निळं होतं. त्यातही साधारण वीस-पंचवीस मिलिमीटर पावसाने थर धुतला जातो, आणि फवारणीनंतर फुटलेल्या नव्या पानांवर थर नसतोच. युरोपातले बागायतदार एक जुना आडाखा वापरतात: फुटवा दहा सेंटिमीटर, पाऊस दहा मिलिमीटर, तापमान दहा अंश. तिन्ही जुळले की पहिली लागण होऊ शकते. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर तापमानाची अट कायमच पूर्ण झालेली असते, उरतो फक्त फुटवा आणि पाऊस. सकाळी दंव वाळायच्या आत पानं उलटून बघा. वरून तेलाच्या थेंबासारखा पिवळसर डाग आणि बरोबर त्याच्या खाली पांढरी लव दिसली, तर घडावर यायला वेळ लागत नाही.

आता तांब्याचा हिशेब, कारण इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो धातुरूप तांबं वापरता येतं. बायोडायनॅमिक प्रमाणपत्र देणाऱ्या डिमीटरची मर्यादा त्याहून कडक, सरासरी ३ किलो. आपल्याकडे एकरी चारशे लिटर एक टक्का बोर्डो सहज मारतात. त्यात चार किलो मोरचूद जातं, आणि मोरचुदात तांबं पाव हिस्सा, म्हणजे एका फवारणीत एकरी एक किलो. युरोपची वर्षाची मर्यादा एकरात बसवली तर १.६ किलो होते. दोन फवारण्यांतच तुम्ही वर्षाच्या पुढे गेलात. तिथले चांगले बागायतदार एका वेळी हेक्टरी दोनशे ते चारशे ग्रॅम तांबं, बारीक थेंबात, वारंवार देतात आणि हवामान अंदाजाकडे डोळे लावून बसतात. तांबं जमिनीतून कुठे जात नाही. जवळपास दीडशे वर्षं बोर्डो खाल्लेल्या फ्रेंच जमिनींत ते साचून राहिलं आहे आणि गांडुळांना त्याचा त्रास होतो. म्हणून 'सेंद्रिय आहे, कितीही मारा' हे मी कुणालाही म्हणू देत नाही.

साव्हेनिएरला वेल हिवाळ्यात झोपते, एकदा छाटली जाते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुटते. आपली वेल झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी, त्यातून आलेल्या काडीत उन्हाळ्यात घड तयार होणार, मग अख्खा पावसाळा त्या काडीची पानं सांभाळायची, आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. तिथे फवारणीचा धोक्याचा काळ मुख्यतः मे ते जुलै. इथे जून ते नोव्हेंबर, आणि अवकाळी आला तर पुढेही. पावसाळ्यात झाडावर घड नसतो, हा आपला फायदा. पण जुलैत पानं गेली तर काडी कच्ची राहते आणि ऑक्टोबरला फूट कमजोर निघते.

दुसरी अडचण याहून मोठी, आणि सेंद्रिय द्राक्षाच्या कार्यशाळांत तिच्याबद्दल कमी बोललं जातं. थंडी नसल्यामुळे गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतो. सेंद्रियात ती चालत नाही. छाटणीआधी पानगळीसाठी इथ्रेल चालत नाही, ती हाताने करावी लागते. पेस्ट नसेल तर शेंड्याचे डोळे पुढे पळतात आणि खालचे मागे राहतात, एकाच वेलीवर आठवडा-दहा दिवसांच्या अंतराचे घड येतात. खायच्या द्राक्षाला हे परवडत नाही, कारण व्यापाऱ्याला एका दिवसात एकसारखा माल हवा. पण वाइनसाठी, आणि त्यातही शेनिनसाठी, हा दोष पचवता येतो. शेनिन मुळातच असमान पिकते. लुआरमध्ये तिची तोडणी एकदाच करत नाहीत, कुले द सेराँला चार-पाच फेऱ्यांत तोडतात. प्रत्येक फेरीत पिकलेलेच घड, बाकीचे वेलीवर. तुम्ही फेऱ्यांनी तोडणार असाल तर असमान फूट ही अर्धी अडचण राहते. अर्धी म्हणतो, कारण फुलोरा लांबतो आणि तेवढे दिवस डावणीला दार उघडं राहतं. छाटणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, ऊब असताना केली आणि काडी आखूड ठेवली तर फूट बरी येते. फार उशिरा, थंडीच्या तोंडावर पेस्टशिवाय छाटू नका.

उत्पन्नाचा आकडा ऐकून घरचे काय म्हणतील, ते आधी ठरवा. कुले द सेराँचं उत्पन्न हेक्टरी वीस ते पंचवीस हेक्टोलिटर (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर) असतं. टनाला साडेसहाशे-सातशे लिटर रस धरला तर ते एकरी सव्वा ते दीड टन द्राक्ष होतं. सगळ्या मळ्याच्या मिळून वीस-पंचवीस हजार बाटल्या. आपल्याकडे वायनरीच्या करारात एकरी चार-पाच टनांच्या खाली गेलात तर खर्चही निघत नाही, कारण भाव किलोवर मिळतो. म्हणून तुम्हाला दीड टनावर या असं मी सांगणार नाही. दख्खनच्या बसाल्टवर, ठिबकवर, उन्हाच्या जोरावर एकरी तीन टनांतही रसाला अंग येतं. तिथून पुढे कमी करायचं की नाही हे बाटलीचा भाव कोण ठरवतो यावर आहे. वायनरी ठरवत असेल तर थांबा.

खुंटही बघा, म्हणजे वेल ज्या मुळावर कलम केली आहे ते. तुमची बाग डॉगरिजवर असेल तर वेल जोमाने वाढते, पानांची दाटी होते, पोटॅश जास्त उचलला जातो आणि रसाचा पीएच चढतो, म्हणजे आम्लता घटते. दाटी म्हणजे भुरी, आणि भुरीवर सेंद्रियात मुख्य आधार गंधकाचा. तेही पस्तीस अंशांच्या पुढे पान आणि मणी भाजतं. ११० रिक्टर खुंटावरची बाग सेंद्रियाला जास्त साथ देते. जमीन मुरमाड आणि उताराची असेल तर उत्तम. काळ्या भारी जमिनीत मी सेंद्रिय शेनिन सुचवत नाही. तिथे पाणी थांबतं, आणि शेनिनचा घड घट्ट असल्याने मणी एकमेकांना दाबून फुटतात. फळधारणेनंतर घडाजवळची पानं काढणं हे कुठल्याही औषधाइतकं काम करतं. फक्त पूर्वेकडची, सकाळचं ऊन घेणारी बाजू मोकळी करा. पश्चिमेकडची उघडली तर फेब्रुवारी-मार्चचं दुपारचं ऊन मण्यांना चट्टे पाडतं.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. बहुवर्षायू पिकाला आपल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या (एनपीओपी) नियमांतही आणि युरोपातही तीन वर्षांचा रूपांतरकाळ आहे. या काळात खर्च सेंद्रियाचा आणि भाव नेहमीचा. युरोपात २०१२ च्या हंगामापासून 'सेंद्रिय वाइन' असं लेबलवर लिहिता येतं, त्याआधी फक्त 'सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन' असं लिहायची मुभा होती. तळघरातल्या कामालाही नियम आले. कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये एकूण सल्फर डायऑक्साइड लिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, नेहमीच्या वाइनला ही मर्यादा २०० आहे. म्हणजे सेंद्रिय वाइन सल्फाइटशिवाय असते हा समज काढून टाका. शेजारच्या बागेतून उडून येणारी फवारणी ही तुमच्याकडे खरी डोकेदुखी ठरेल. लुआरमध्ये सात हेक्टर एकाच मालकाचे आहेत, तुमचे दोन एकर चार बांधांच्या मध्ये आहेत. नेपियर किंवा शेवरीची दाट ओळ आणि मोकळा पट्टा सोडल्याशिवाय अवशेष तपासणीत निर्धास्त राहता येणार नाही.

माझा सल्ला असा. दोन्ही एकर एकदम सेंद्रिय करू नका. उताराच्या, मुरमाच्या बाजूच्या वीस गुंठ्यांपासून सुरुवात करा, आणि वारा शेजारच्या बागेकडून येत नाही असा कोपरा निवडा. या एप्रिलच्या खरड छाटणीपूर्वी तिथल्या मातीत तांबं किती आहे ते तपासून घ्या, पुढे तुलनेला लागेल. पावसाळ्यात ओळींमध्ये ताग पेरा, फुलावर यायच्या आत कापून जागेवरच टाका. प्रत्येक फवारणीत तांबं किती ग्रॅम गेलं ते वहीत लिहा, लिटर आणि टक्के लिहून कळत नाही. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातून रोगाचे अंदाज आणि सल्ले मिळतात, ते रोज बघा. सेंद्रियात बाग बुडायला एक दिवसाचा उशीरही पुरतो.

आणि वायनरीशी आत्ताच बोला, तोडणीच्या तोंडावर नाही. वीस गुंठ्यांचा दीड टन माल म्हणजे हजारेक लिटर रस, एका छोट्या टाकीपुरता. तो वेगळा आंबवून द्यायला कोण तयार आहे हे छाटणीआधी कळायला हवं, नाहीतर तुमची वर्षभराची मेहनत चाळीस बागांच्या टाकीत जाईल. तोडणी तीन फेऱ्यांत करा. साखर बघूनच तोडू नका. आपल्याकडे साखर आपोआप येते, आम्ल मात्र मार्चच्या उन्हात आठवड्यात निघून जातं. जानेवारीअखेरपासून दर तिसऱ्या दिवशी सकाळी सावलीतले आणि उन्हातले मणी वेगवेगळे घेऊन रसाचा पीएच मोजा. पहिली फेरी ३.२ च्या आसपास, शेवटची ३.५ ओलांडायच्या आत. फेऱ्यांचे रस वेगवेगळ्या भांड्यांत आंबवता आले तर तसंच करा, आणि ते मिसळायचे की नाही हे पावसाळ्यात चाखून ठरवा.